निर्जंतुक नाना

लॉकडाउनमध्ये माणसांचे बरेच प्रकार उजेडात आले. कोणी डालगोना कॉफी घोटत बसलं, कोणी बायकोच्या हातून केस कापून घेऊन महिनाभर टोपी घालून वावरलं, कोणी दूरदर्शनवर पुन्हा लागलेल्या रामायणासमोर सकाळ-रात्र बैठक मारली. या हौशी मंडळींबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांचा उपद्रव त्यांच्यापुरता होता. मला सांगायचंय ते नानांबद्दल.

नाना एक नाहीत. कुठल्या घरात त्यांना अण्णा म्हणत असतील, कुठल्या घरात बाबा. एखाद्या घरात ते पस्तिशीचे आणि आयटीतलेही असतील. ओळखायची खूण एकच. दाराची बेल वाजली की आतून जो माणूस ‘‘तिथेच! तिथेच ठेवा!’’ असं ओरडत फवाऱ्याची बाटली घेऊन धावतो, तो नाना.

माझ्या माहितीतले नाना डोंबिवलीचे. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या ब्लॉकमध्ये ते, माई, मुलगा, सूनबाई आणि चौथीतली नात. तीस वर्षं हा माणूस डोंबिवली फास्टमध्ये परक्या माणसाच्या काखेत नाक घालून सीएसटीला गेला. कोणाचा घाम, कोणाची शिंक, कोणाचा डबा, काही म्हणून त्यांनी कधी मानलं नाही. २२ मार्च २०२०च्या मध्यरात्री लोकल थांबली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हेच नाना चहाचा कप घेऊन आलेल्या सख्ख्या बायकोला म्हणाले, ‘‘सहा फूट!’’ आता डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात सहा फूट अंतर ठेवायचं तर एकाला गॅलरीतून उडी मारावी लागेल. माई काही बोलल्या नाहीत. कप फ्रिजवर ठेवून आत गेल्या.

निवृत्त झाल्यापासून नानांकडे खातं नव्हतं, हे त्यांचं मूळ दुखणं. पेन्शन होती, बँकेत जाऊन पासबुक भरून आणायचं होतं, पण ज्यावर सही करावी असं घरात काही नव्हतं. साखरेचा डबा कुठला आणि मिठाचा कुठला हेही त्यांना ठाऊक नव्हतं, तेव्हा घर चालवण्यात त्यांना कोणी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. करोनाने त्यांना खातं दिलं. एका रात्रीत ते स्वच्छता विभागाचे प्रमुख झाले. हाताखाली चार माणसं. रजा मंजूर नाही.

पहिला सण आला तो गुढीपाडवा. २५ मार्च, म्हणजे देशभरच्या लॉकडाउनचा पहिलाच दिवस. माईंनी दोन दिवस आधी कडुलिंबाचा पाला आणि साखरेची गाठी आणून ठेवली होती. नानांनी पाला साबणाच्या पाण्यातून काढला. तिथवर ठीक होतं. मग त्यांनी गाठी नळाखाली धरली. बाहेरून आलेली वस्तू वीस सेकंद चोळून धुवायची हा नियम. त्यांनी इमानाने चोळली. माई हळदकुंकू घेऊन आल्या तेव्हा नानांच्या हातात दोरा तेवढा होता. नात म्हणाली, ‘‘आजोबा, करोना विरघळला!’’ त्या वर्षी नानांकडची गुढी दोरा घालून उभी होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला काही सांगावं लागलं नाही, कारण येणारंजाणारं कोणी नव्हतंच.

याच सुमारास नानांच्या हाती तो प्रसिद्ध अभ्यास लागला. व्हॉट्सअॅपवरचं बरंचसं खोटं असतं, हे खरं होतं. मार्चमध्येच ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेतले आकडे छापले होते : हा विषाणू प्लॅस्टिकवर आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत तग धरतो, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत, तांब्यावर ४. हेडक्लार्कला आकडे मिळाले की त्याला वही लागते. नानांनी नातीची एक जुनी वही घेऊन तिच्यात आवक-जावक सुरू केली. रकाने चार : वस्तू, पृष्ठभाग, आल्याची वेळ, मोकळी करण्याची वेळ. शेवटी शेरा.

‘बिस्किटांचे पुडे, नग ६. प्लॅस्टिक. मंगळवार सायं. ५.४०. शुक्रवार सायं. ५.४०. शेरा : तत्पूर्वी कोणी हात लावल्याचे आढळल्यास पुन्हा ७२ तास.’

नात गॅलरीतल्या पुठ्ठ्याच्या खोक्यापाशी उभी राहून पुड्यांकडे बघायची. ‘‘आजोबा, एकच द्या ना.’’ ‘‘प्रकरण प्रलंबित आहे,’’ नाना म्हणायचे. तिला त्या वयात प्रलंबित, निकाली, मोकळीक, सक्षम प्राधिकारी हे सगळे शब्द पाठ झाले. ऑनलाइन वर्गात बाईंनी गृहपाठ विचारला तेव्हा ती म्हणाली, ‘‘कार्यवाही सुरू आहे.’’

त्याच अभ्यासात आणखी एक ओळ होती. हवेत तरंगणाऱ्या बारीक तुषारांमध्ये हा विषाणू प्रयोग चालला तेवढे तिन्ही तास जिवंत होता. ती नानांनी वाचली नाही असं नाही. पण हवेची आवक कशी नोंदवणार? तिला नग नाही, पृष्ठभाग नाही, तिच्यावर फवारा मारला तर ती ओली होऊन दाखवत नाही. नानांनी ती ओळ सोडून दिली आणि, बाहेरून काही आत येऊ नये म्हणून, घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. एप्रिल-मे, डोंबिवली, बंद खिडक्या, पाच माणसं. गॅलरी तेवढी उघडी, कारण तिथे खोकी.

दुधाचा विधी मात्र बघण्यासारखा होता. दूधवाल्याला वर यायला बंदी, म्हणून नाना सहाला खाली गेटवर. अंगावर पावसाळ्यातला रेनकोट, डोक्याला कानटोपी, तोंडावर रुमाल आणि रुमालावर मास्क, हातात माईंचे भांडी घासायचे रबरी मोजे. लिफ्टचं बटण दाबायला एक टूथपिक. लिफ्टमध्ये सोसायटीने थर्माकोलचा तुकडा चिकटवून त्यात टूथपिक खोचून ठेवल्या होत्या, पण त्या ‘सार्वजनिक’ म्हणून नाना आपली घरून न्यायचे. वर आले की पायानेच दार वाजवायचे. दारात तीन बादल्या मांडलेल्या. पहिल्या बादलीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं, तिसरीत पुन्हा साधं. पिशवी पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, आणि मग कपड्यांच्या दोरीवर चिमटा लावून निथळत ठेवायची. दोन पिशव्या गोकुळच्या, मध्ये नानांचा बनियन, पलीकडे मास्क. एकदा एका पिशवीला बारीक भोक होतं. त्या दिवशी चहाला लिंबाचा वास आला. सूनबाईंनी घोट घेऊन कप खाली ठेवला. नाना म्हणाले, ‘‘निदान आतूनही निर्जंतुक झालं.’’

नोटांना इस्त्री. नाण्यांना डेटॉल. कोथिंबिरीला खायचा सोडा. ज्यावर पाणी चालत नाही त्याला ऊन, ज्याला ऊन चालत नाही त्याला मुदत. वर्तमानपत्र बंद झालं होतं ते पुन्हा घरपोच सुरू झालं, तेव्हा नानांनी कागदाला पुठ्ठ्याचा नियम लावला. चोवीस तास. मग ते घर कायम एक दिवस मागे राहिलं. शेजारचे बुधवारच्या बातमीवर बोलायचे तेव्हा नाना मंगळवारची तावातावाने सांगत असायचे. आषाढीला माऊलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्याची बातमी त्यांनी अशीच उशिरा वाचली. साऱ्या महाराष्ट्राचे डोळे ओले करणारी बातमी. नानांनी चष्मा काढला, आणि म्हणाले, ‘‘गाडीचे दांडे पुसले असतील ना?’’

घरातल्या बाकीच्यांचं काय चाललं होतं, हे एवढ्यावरून कळलंच असेल. मुलगा बेडरूममध्ये लॅपटॉपसमोर, वर शर्ट खाली बर्म्युडा. त्याच्या मीटिंगमध्ये मागून बनियनवरचा एक गृहस्थ दाराची कडी पुसत जाताना बंगळुरूपासून टेक्सासपर्यंत सर्वांनी पाहिला. काढ्याबद्दल मी लिहीत नाही. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका हे आयुष मंत्रालयाने सांगितलं होतं, नानांनी त्यात स्वतःची भर घातली, आणि घराला पित्त झालं.

आता या सगळ्यात एक बारीक गोष्ट आहे. ती नानांच्या वहीत नाही. नाना ‘धुवायचे’ म्हणजे नाना धुवायला सांगायचे. पिशवी तिसऱ्या बादलीतून दोरीपर्यंत नेण्याचं मानाचं काम त्यांचं. बादल्या भरणं, ओतणं, भाजी एकेक पान करून धुणं, खाली जाऊन आल्यावर नानांनी तिथल्या तिथे काढून टाकलेले कपडे गरम पाण्यात घालणं, रोज दोनदा ब्लीचच्या पाण्याने फरशी, हे माईंचं आणि सूनबाईंचं. त्यात सूनबाईंची शाळा मोबाइलवर, म्हणजे एका हातात फळ्याऐवजी फोन आणि दुसऱ्या हातात दोडका. मावशींना यायला बंदी, त्यामुळे भांडीही त्यांच्याच वाट्याला. मे महिन्यात माईंची बोटं पेरापेराला चिरली. रात्री त्या खोबरेल तेल चोळत बसायच्या. नाना शेजारी बसून दिवसभराच्या नोंदींखाली रेघ मारायचे आणि म्हणायचे, ‘‘आज अठरा प्रकरणं निकाली काढली.’’

नानांच्या आईचं सोवळं फार कडक होतं. ओलेत्याने स्वयंपाक, दांडीवरचं लुगडं काठीने काढायचं, पोरांनी शिवायचं नाही. तरुणपणी नानांनी या सोवळ्याची भर पंगतीत टर उडवली होती. आईने दोन दिवस अबोला धरला होता म्हणतात. तेच नाना आता काठीने पार्सल आत ओढत होते. माई एकदा एवढंच म्हणाल्या, ‘‘सासूबाई असत्या तर आज तुमच्या हातचं जेवल्या असत्या.’’

आणि मावशी. जुलैमध्ये त्या परत आल्या तेव्हा नानांनी त्यांच्यासाठी वेगळा कप काढायला सांगितला, साथीपुरता. माई म्हणाल्या, ‘‘तो आधीपासूनच वेगळा आहे.’’ नानांना हे माहीत नव्हतं. सूनबाईंना होतं. पगार मात्र तीनही महिन्यांचा पोचता झाला होता. तो माईंनी दिला. वहीत नोंद नाही.

जूनमध्ये खालच्या मजल्यावर रुग्ण निघाला. अँब्युलन्स आली, जिन्याला बांबू बांधले, आणि इमारत चिडीचूप झाली. त्या घरात मागे राहिलेले दोघं म्हातारे. माई रोज स्टीलच्या डब्यात पोळी-भाजी भरून गॅलरीतून दोरीने खाली सोडायच्या. नाना विरोधात नव्हते. अन्न जायला त्यांची हरकत नव्हती, डबा यायला होती. स्टील, ७२ तास. गॅलरीतून त्यांनी ओरडून सांगितलं, ‘‘डबा परत करू नका! तुम्हालाच ठेवा!’’ साऱ्या इमारतीने ऐकलं. नानांसारखा दिलदार माणूस नाही, असं अजूनही तिथे बोललं जातं. माईंचे लग्नातले नाव घातलेले चार डबे गेले ते गेलेच.

नानांना हसणं आता सोपं आहे. तेव्हा बाहेर खरोखरच माणसं मरत होती आणि कोणालाच काही नीट ठाऊक नव्हतं. हात धुवा, पृष्ठभाग पुसा, हे नानांनी आपल्या मनाने काढलेलं नव्हतं, जगभरचे आरोग्यवाले तेच सांगत होते. घाबरलेल्या माणसाला काहीतरी करायला लागतं, आणि धुणं हे करता येण्यासारखं होतं. पण दुसऱ्याच्या हातांनी केलेली शूरता मला कधी पटली नाही. त्या बादल्या नानांनी एक आठवडा स्वतः उचलल्या असत्या, तर पुठ्ठ्याची मुदत चोवीस तासांवरून पाच मिनिटांवर आली असती, यावर मी पैज लावायला तयार आहे.

जुलै २०२०मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेला जाहीर पत्र लिहिलं की हा आजार हवेतूनही पसरतो, तिकडे लक्ष द्या. त्यांचं म्हणणं असं की बंद जागेत मोकळी हवा खेळती ठेवा. एप्रिल २०२१मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने हिशेब मांडला : दूषित पृष्ठभागाला एकदा हात लावल्याने लागण होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी. हा आकडा मुलाने नानांना वाचून दाखवला. नानांनी तो वहीत उतरवून घेतला, खाली तारीख घातली आणि विचारलं, ‘‘तो एक कोण?’’ वही चालू राहिली. माईंनी मात्र उठून खिडक्या उघडल्या. त्या दिवशी घरात अडीच महिन्यांची की वर्षाची कोंडलेली फोडणी बाहेर पडली, ते कोणी मोजलं नाही.

नाना अजून आहेत, तब्येत ठणठणीत आहे. बाहेरून आल्यावर हात धुतात, आणि ही सवय चांगलीच आहे. तुमच्याही घरात एखादे नाना असतील तर एक काम करा. त्यांच्या कपाटात, पलंगाखाली आणि बहुतेक देवघराच्या कोपऱ्यातसुद्धा २०२०च्या सॅनिटायझरच्या बाटल्या सापडतील. त्यांची मुदत कधीच टळून गेलेली असेल. ते अल्कोहोल आहे, चटकन पेट घेतं. निरांजनापासून आणि गॅसपासून त्या आधी लांब करा. नानांना विचारत बसू नका, ते शेरा मारतील.