'परत तेच?' म्हणणाऱ्यांसाठी सुलभ पाकशास्त्र

प्रस्तुत मार्गदर्शिका कंटाळवीरांसाठी आहे. ताटावरचं झाकण निघायच्या आधीच सुस्कारा टाकणारा गृहस्थ म्हणजे कंटाळवीर. वय चाळिशीच्या पुढे, रक्तातली साखर काठावर, बाहेरचं खाणं डॉक्टरांनी बंद केलेलं आणि घरचं त्याने स्वतःच मनातून बंद केलेलं. "आज काय करू?" असं त्याला रोज सकाळी विचारलं जातं. "काहीही कर," असं उदार उत्तर तो वर्तमानपत्राआडून देतो. दुपारी ते काहीही ताटात पडलं की म्हणतो, "परत दुधी?"

इथे एक शास्त्रार्थ करणं भाग आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधरांनी 'गृहिणी-मित्र' लिहिलं, त्यात हजार पाकक्रिया दिल्या. १९७० साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली आणि वाटी-चमच्याच्या मापाने घरोघरच्या नवशिक्या सुना स्वयंपाकाला लागल्या. 'काहीही' या पदार्थाची कृती मात्र दोघींनाही साधली नाही. तेव्हा नियम पहिला: विचारल्यावर पदार्थाचं नाव घ्यावं. नाव सुचत नसेल तर उठून स्वयंपाकघरात जावं आणि डबे उघडून बघावेत. हरभऱ्याची डाळ कुठली आणि तुरीची कुठली हे ओळखता येईपर्यंत तक्रारीचा हक्क स्थगित समजावा.

कंटाळ्याचंही शास्त्र आहे. १९८१ साली बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डमध्ये माणसांना खाऊ घालून पाहिलं. जो पदार्थ खाऊन झाला त्याची गोडी झपाट्याने उतरते, न खाल्लेल्या पदार्थांची तितकी उतरत नाही, असं त्यांना आढळलं. दुधीचा दुसरा घास न उतरणाऱ्या माणसाला श्रीखंडाला जागा कशी सापडते, याचा उलगडा त्यातून होतो. मराठी ताट वाढणाऱ्या बायकांनी हे काम प्रयोगशाळेविना केलं होतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं ही डावी बाजू कशासाठी होती? उजवीकडे रोज तीच पोळी, तीच आमटी असली तरी प्रत्येक घासाला जिभेला वेगळं काहीतरी मिळावं, म्हणून. कंटाळवीराच्या ताटाची डावी बाजू आज ओस पडली आहे. तिथे फक्त लोणच्याची बाटली असते, तीही झाकणासकट.

म्हणून नियम दुसरा, आणि हाच मुख्य: उजवी बाजू जशी आहे तशी राहू द्यावी. डावी बाजू कंटाळवीराने स्वतः करावी.

सुरुवात कोरड्या चटण्यांपासून करावी, कारण एका रविवारी केलेली चटणी दोन आठवडे आरामात पुरते. जवस, कारळे, तीळ, शेंगदाणे यांपैकी एक काहीतरी घ्यावं. दोन घेतल्यास वेगवेगळे भाजावेत. तीळ क्षणात तडतडून जळतात, शेंगदाण्याला वेळ लागतो, आणि दोघांना एकाच कढईत टाकणारा दोघांनाही वाया घालवतो. आच मंद ठेवावी. गार झाल्यावर लसूण, तिखट, मीठ घालून कुटावं. मिक्सर वापरायचा तर थांबत थांबत फिरवावा, एकसारखा फिरवला की दाण्यांना तेल सुटून लगदा होतो. सोलापूरकडच्या शेंगाचटणीला मात्र हेच तेल हवं असतं. तिथे उखळात तेल सुटेपर्यंत कुटतात. हा मतभेद मिटवण्याच्या भरीस पडू नये, दोन्ही कराव्यात. जवसात ओमेगा-३ जातीची स्निग्ध आम्लं आहेत, ही माहिती कंटाळवीराला असतेच. त्यासाठी तो परदेशी चिया मागवतो. जवस घरात डब्यात पडून असतं.

दोडक्याच्या शिरा फेकू नयेत. बारीक चिरून थोड्या तेलात कुरकुरीत परताव्यात, तीळ, सुकं खोबरं, तिखट, मीठ घालावं. दोडक्याच्या भाजीकडे पाहून नाक मुरडणारी माणसं या चटणीसाठी भांडलेली आहेत. कोशिंबिरीला मीठ अगदी पानावर बसताना घालावं, नाहीतर काकडी पाण्यात पोहते. आणि ज्याला गॅसची भीती वाटते त्याच्यासाठी डांगर आहे. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात किंवा ताकात कालवायचं, त्यात बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ. काहीही शिजवायचं नाही. हे ज्याला जमत नाही त्याने निमूटपणे दुधी खावा.

नियम तिसरा धान्याचा. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. कंटाळवीरानेही ते साजरं केलं: भाषण ऐकलं आणि नाचणीची बिस्किटं खाल्ली, ज्यांत नाचणीपेक्षा मैदा आणि साखर जास्त होती. वास्तविक शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच वजनाच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. नाचणीच्या पिठात ताक, मीठ, जिरं, मिरची घालून अर्धा तास ठेवावं आणि धिरडी घालावीत. इतकंच.

ज्वारीची भाकरी हा वेगळा अधिकार आहे. पीठ ताजं हवं. जुनं झालं की त्याची विरी जाते, मग थापताना कडा फाटतात आणि दोष हातांना दिला जातो. पाणी कडकडीत घ्यावं, पीठ भरपूर मळावं. तरीही जमलं नाही तर थालीपीठ आहेच. पहिलं थालीपीठ गार तव्यावर थापावं, दुसरं ओल्या फडक्यावर, कारण तोवर तवा तापलेला असतो. बोटाने भोकं पाडून त्यांत तेल सोडावं, झाकण ठेवावं. भाजणी घरची असेल तर ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे असा अख्खा बाजार एका घासात येतो. तिच्यात बदल सुचवू नये. भाजणीचं प्रमाण हा वारशाचा प्रश्न आहे.

नियम चौथा: डाळ बदलावी. धान्यात लायसिन कमी पडतं आणि डाळीत मेथिओनिन, म्हणून दोन्ही एकत्र खाल्ली की प्रथिनांचा हिशोब जुळतो. त्यासाठी रोज तूरच हवी असं कुठेही लिहिलेलं नाही. कुळथात शंभर ग्रॅममागे बावीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, तुरीइतकीच. कोकणातलं कुळथाचं पिठलं म्हणजे पंधरा मिनिटांचं काम. भाजून, सालं पाखडून दळलेलं पीठ बाजारात मिळतं. तेलात ठेचलेला लसूण लाल करावा, हिंग, हळद, तिखट घालावं, पाणी ओतावं, दोन-तीन आमसुलं टाकावीत. पीठ गार पाण्यात कालवून घ्यावं आणि पाणी उकळलं की ढवळत ढवळत धार धरून सोडावं. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकणारे वीर आहेत. त्यांच्या गुठळ्यांत आतून पांढरं पीठ निघतं. वरून ओलं खोबरं, सोबत गरम भात. पावसाळी संध्याकाळी हे खाताना कंटाळवीर गप्प बसलेला पाहण्यात आला आहे. एरवी त्याला गप्प बसवणं फार अवघड.

भाज्यांविषयी थोडक्यात: मंडईत जावं आणि ज्या जुडीचं नाव माहीत नाही ती आणावी. चाकवत, अंबाडी, शेपू, पावसाळ्यात टाकळा. विकणाऱ्या मावशींना कशी करायची ते विचारावं, त्या सांगतात. वरून मिरच्याही टाकतात. अळूला मात्र चिंच किंवा आमसूल विसरू नये. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे अणकुचीदार स्फटिक असतात, घसा खवखवतो आणि मग सगळा दोष अळूवर जातो.

नियम पाचवा. मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून एक लहान चमचा. लोणचं आणि पापड यातच धरावेत. यावर चर्चा नाही.

नियम सहावा जेवणानंतरच्या चहाचा आहे. तो तासभर लांबवावा, कारण चहा पालेभाजीतल्या लोहाच्या आड येतो आणि लिंबू त्याला मदत करतं. कंटाळवीर लिंबाची फोड ताटात तशीच ठेवून चहासाठी हाक मारतो. या माणसाला कुणी काय सांगावं!

शिळ्या पोळीचा कुस्करा, शिळ्या भाताला फोडणी, उरलेल्या वरणात कणीक भिजवून केलेले पराठे हे प्रकार गरिबीचे मानले जातात. ते कंटाळवीराने आधी एकदा करावेत. स्वतः केलेली फोडणीची पोळी खाताना "परत तेच?" हा प्रश्न त्याला कधीच पडत नाही. उलट तो विचारतो, "मस्त झालीय ना?" एकदा विचारतो, मग पुन्हा विचारतो, मग शेजाऱ्यांना फोन करून कृती सांगतो. घरातल्यांनी हो म्हणावं. दाणे थोडे करपलेले असले तरी म्हणावं.

आता भांडी. पिठल्याची कढई वाळू देऊ नये, लगेच पाणी घालून भिजवावी. मात्र त्याआधी तळाची खरवड उलथन्याने काढून घ्यावी. तिच्यावर पहिला हक्क आजवर "काहीही कर" ऐकत आलेल्या व्यक्तीचा. कंटाळवीराने खरवड खाऊन टाकली असल्यास कढईही त्यानेच घासावी, आणि घासून झाल्यावर उद्या काय करायचं ते पदार्थाचं नाव घेऊन सांगावं.