बंदीच्या आधीचा प्रेक्षक

'आंधी' बंदीच्या आधी थेटरात पाहिला, असं छातीवर हात ठेवून सांगणारी माणसं मला एकट्या पुण्यात इतकी भेटली आहेत, की ती सगळी खरं बोलत असतील तर त्या वर्षी 'शोले' बघायला शहरात कुणी उरलंच नसणार. या मंडळींचे मानकरी म्हणजे आमचे अण्णा.

अण्णा बँकेतून निवृत्त झाले त्यालाही आता वीसेक वर्षं झाली. सकाळी साडेसहाला बागेतल्या तिसऱ्या बाकावर ते असतात. कानटोपी बाराही महिने. विषय कुठलाही निघो, तिसऱ्या वाक्याला अण्णा आणीबाणीत पोचतात. परवा कुणीतरी एवढंच म्हणालं, की काल नळाला पाणी आलं नाही. "पाण्याचं काय घेऊन बसलास! आमच्या वेळी तोंड उघडायची चोरी होती," अण्णा म्हणाले, "'आंधी' लागला होता, तुला सांगतो..." आणि मग त्यांनी सांगितलंच.

सांगताना ते आधी मागे वळून बघतात. मागे बोगनवेल आहे. आवाज खाली येतो. थेटरात म्हणे शेवटच्या रांगेत सफारी घातलेले दोघे बसले होते, वही-पेन्सिल घेऊन. सुचित्रा सेन पडद्यावर आली, केसांतली ती पांढरी बट दिसली, आणि अख्खं थेटर श्वास रोखून बसलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "बाई आल्या!" इंटरव्हलला अण्णांनी वडा घेतला, पण घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. घरी जाताना त्यांनी सायकल मुद्दाम दोन गल्ल्या फिरवून नेली, मागावर कुणी असलंच तर चुकावं म्हणून.

हे ऐकताना अंगावर काटा येतो. नंतर घरी येऊन कॅलेंडर मांडलं की काटा खाली बसतो. 'आंधी' लागला फेब्रुवारी 1975मध्ये. आणीबाणी जाहीर झाली 25 जूनच्या रात्री. बंदी त्यानंतरची. म्हणजे मधले चार महिने हा सिनेमा सेन्सॉरचा दाखला लावून, भिंतीभिंतीवर पोस्टरं चिकटवून, उजेडात चालला होता. खिडकीवर पैसे द्यायचे, तिकीट घ्यायचं, आत जाऊन बसायचं. त्यात धोका असलाच तर खुर्चीतल्या ढेकणांचा. सफारीवाले दोघे आले असतील तर बहुधा ऑफिसला दांडी मारून आले असतील.

म्हणजे अण्णांचं शौर्य पूर्वलक्षी प्रभावाचं आहे. आणि त्याबद्दल त्यांना हसण्याआधी हे आठवावं, की ही युक्ती त्या काळानेच शिकवली. 12 जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधींची, म्हणजे इंदिराबाईंची, निवडणूक रद्द ठरवली आणि पुढच्या दोन महिन्यांत निवडणुकीचा कायदाच मागल्या तारखेपासून बदलून टाकला गेला. जे सरकारला करता येतं, ते एका बँकेतल्या क्लार्कने आपल्या एका मॅटिनीपुरतं केलं तर बिघडलं कुठे?

थेटराचं नाव मात्र स्थिर नाही. कधी 'विजय', कधी 'अलका'. एकदा बोलण्याच्या ओघात 'प्रभात' म्हणून गेले. तिथे तर मराठी सिनेमे लागायचे, असं मी म्हटल्यावर "म्हणूनच कुणाला संशय आला नाही," हे उत्तर तयार होतं. दक्षिणेत या सिनेमाच्या पोस्टरवर 'आपल्या पंतप्रधानांना पडद्यावर बघा' अशा अर्थाची जाहिरात होती, असं वाचायला मिळतं. अण्णांनी हे पोस्टर लक्ष्मी रोडवर पाहिलंय.

"मराठीत होतं?"

"तमिळमध्ये. पण आशय कळला."

मग कुणीतरी खोडसाळपणे विचारतं, "अण्णा, 'किस्सा कुर्सी का'सुद्धा?" तो सिनेमा तर बिचारा पडद्यापर्यंत पोचलाच नव्हता. सरकारने प्रती ताब्यात घेऊन जाळून टाकल्या. दिग्दर्शकाने, अमृत नाहटांनी, आणीबाणी उठल्यावर तो पुन्हा नव्याने केला. अण्णा क्षणभर बोगनवेलीकडे बघतात. "तो पूर्ण नाही पाहिला," ते कबूल करतात, "थोडासाच."

यात 'आंधी'वर एक अन्याय झालाय, आणि तो बंदीपेक्षाही टिकाऊ निघाला. गुलजारांनी काढली होती एका मोडलेल्या संसाराची गोष्ट. राजकारणात गेलेली आरती आणि हॉटेल चालवणारा जे. के. कित्येक वर्षांपूर्वी वेगळे झालेले हे नवरा-बायको निवडणुकीच्या धामधुमीत एकाच छपराखाली येतात. आरतीदेवीचा पोशाख, चाल, ढब इंदिराबाईंवरून घेतली, बाकी व्यक्तिरेखेत तारकेश्वरी सिन्हाही होत्या, असं सांगितलं गेलंय. पण प्रेक्षक गेले ते ओळखपरेडला गेल्यासारखे. बट तीच का? हो, तीच. मान तशीच ताठ? तशीच. झालं, पंचनामा पूर्ण. संजीवकुमारला त्या कामाबद्दल फिल्मफेअर मिळालं, पण अण्णांच्या कथनात त्याचा उल्लेख फक्त 'तो हॉटेलवाला' एवढाच येतो. एखाद्या लग्नात नवरामुलगा सोडून सगळ्यांनी मंत्र्यांकडे बघत राहावं, तसं त्या जे. के.चं झालं.

काकूंचा सिनेमा वेगळा आहे. मी एकदा घरी गेलो होतो, अण्णा आतून त्या काळची डायरी शोधून आणायला गेले (ती सापडत नाही, ती कधीच सापडत नाही), तेव्हा काकू चहा गाळता गाळता म्हणाल्या, "अरे, ती बाई एवढी पुढारी. हजार लोक हार घालतात. आणि तो मुकाट्याने तिचं खाणंपिणं, तिच्या आवडीनिवडी बघतो. काही बोलत नाही, नुसतं बघतो." मग आतल्या खोलीकडे हनुवटी करून म्हणाल्या, "यांना अजून माहीत नाही मी चहात साखर घेते का."

"म्हणजे तुम्हीही बंदीच्या आधी पाहिलात?"

"कुठली बंदी? शेजारच्या जोशांकडे टीव्ही होता. सत्त्याहत्तरला बाई पडल्या, जनताचं सरकार आलं, मग दाखवला टीव्हीवर. अख्खा वाडा जमला होता. हे खिडकीच्या कट्ट्यावर बसले होते, पाय आखडले म्हणून आयोडेक्स चोळलं मी."

मी कप खाली ठेवला. आणि मला एकदम त्या राखाडी साडीचा उलगडा झाला. अण्णांच्या 'आंधी'त सगळंच राखाडी आहे. आरतीदेवीची साडी राखाडी, हॉटेलची बाग राखाडी, हार राखाडी. ती दोघं रात्री शाली पांघरून जुन्या देवळाच्या अवशेषांतून फिरतात, ते काश्मीरमधलं मार्तंडाचं सूर्यमंदिर. तिथले दगड राखाडी असतील, मान्य. पण एकदा मी विचारलं होतं, "अण्णा, काश्मीरची झाडं कशी दिसतात हो त्यात?" तर म्हणाले, "सुंदर. राखाडी." सिनेमा रंगीत होता. दूरदर्शन त्या वेळी रंगीत नव्हतं.

मी हे बाकावर बोललो नाही. बोलायचं कारणही नव्हतं, कारण दुसरीच भानगड मी आधी करून ठेवली होती. अण्णांच्या पोतडीतला सगळ्यांत लाडका प्रसंग असा: आरतीदेवी भिंतीवरच्या इंदिराबाईंच्या फोटोपुढे उभी राहते आणि यांच्यावरूनच मी शिकते, याच माझ्या आदर्श, अशा अर्थाचं काहीतरी बोलते. "थेटरात काय हशा पिकला म्हणतोस! सफारीवालासुद्धा हसला." आता, मी कुठेतरी वाचलं होतं की हा प्रसंग मुळात सिनेमात नव्हताच. बंदी आल्यावर बाईंची सिगारेट आणि दारू काढायला लावली आणि हा फोटो आत घालायला लावला, म्हणजे पडद्यावरची बाई आणि दिल्लीतली बाई वेगळ्या आहेत याचा लेखी पुरावा. मी अतिशहाणपणाने ते सांगून टाकलं.

अण्णा दोन दिवस बागेत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, टोपी नीट केली आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, "ते मी दुसऱ्यांदा पाहिला तेव्हाचं."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला गुरुजी बसतात. शाळेतून निवृत्त. ते आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली येरवड्याच्या तुरुंगात होते, अठरा-एकोणीस महिने. हे आम्हाला त्यांच्याकडून कधीच कळलं नाही, त्यांच्या मुलाने सांगितलं. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध स्पष्ट बोलल्या, ती बातमी आत कशी पोचली हे एकदा कुणीतरी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "उशिरा पोचली." जेल कसं होतं विचारलं तर म्हणाले, "डाळ पातळ असायची." त्यांच्याकडून एवढाच इतिहास मिळतो. गुरुजी असले की अण्णांच्या गोष्टीतले सफारीवाले दोनावरून एकावर येतात, हे मी पाहून ठेवलंय.

गेल्या आठवड्यात 'आंधी' पुन्हा निघाला. अण्णा बटेपर्यंत आले होते. गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "अण्णा, मी हा सिनेमा पाहिलाच नाही. तेव्हा आत होतो, नंतर राहूनच गेला. त्यात शेवटी होतं काय हो?"

हा प्रश्न अण्णांना पन्नास वर्षांत कुणी विचारला नव्हता. सगळे बट ऐकून उठून जायचे. ते गडबडले. मग सावकाश सांगायला लागले. विरोधक कशी कुजबुज उठवतात, की बाई रोज रात्री त्या हॉटेलवाल्याला भेटते. कसे तिचे फोटो काढतात. आणि मग ती भर सभेत उभी राहून सांगते, की हा माझा नवरा आहे. एवढ्या सगळ्या लोकांसमोर. अण्णांचा आवाज या वेळी खाली आला नाही, मागे वळून बघायचं ते विसरले. "तिला वाटतं आता संपलं सगळं, आपण हरलो. पण लोक तिलाच मत देतात. जिंकते ती. आणि जिंकते म्हणून जावंच लागतं. तो तिला थांब म्हणत नाही, गुरुजी. निरोप देतो. नुसता बघत उभा राहतो." अण्णांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. आज घरी गेल्यावर ते काकूंना चहात साखर घेतेस का, तेही विचारतील की काय, असं मला वाटून गेलं.

गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी चष्मा चढवला.

"छान आहे," ते म्हणाले. "बंदीच्या आधीही शेवट हाच होता का?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.