पान्याची कैफियत

मॉन्ट्रियल, नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पावले. मोटारीच्या चाकांचे नट आवळण्यासाठी शंभर डॉलरांच्या आतबाहेरचा टॉर्क पाना विकत घेण्याचा जो मनसुबा आम्ही मागल्या पत्री कळविला होता, त्यावर ‘ज्याच्या मनगटात जोर नाही त्याने मोटार बाळगू नये’ असा जो शेरा आपण मारलात, तो आपल्या जावयांनी मोठ्याने वाचला आणि तो स्वतःस उद्देशून नसावा अशा समजुतीने माझ्याकडे वर्ग केला. पनवेलच्या एस. टी. आगारात उभी हयात काढलेल्या पित्याशी पान्यावरून हुज्जत घालणे कन्येस शोभत नाही हे मी जाणते. परंतु प्रकरण उपस्थित झालेच आहे, तर आमचीही कैफियत दप्तरी दाखल करून घ्यावी.

येथील क्वेबेक प्रांतात 1 डिसेंबरपासून 15 मार्चपर्यंत मोटारीस हिवाळी टायर असलेच पाहिजेत असा कायदा आहे, आणि समस्त प्रजेस तो कायदा नोव्हेंबरच्या उत्तरार्धातच आठवत असल्यामुळे त्या दिवसांत गॅरेजात नंबर लागणे हे गणपतीच्या आदल्या रात्री कोकणच्या गाडीत खिडकीची जागा मिळण्याइतकेच दुर्घट होऊन बसते. सबब वर्षातून दोनदा चाकांची अदलाबदल आम्ही घरच्या घरी करतो. पाना माझ्या हाती असतो. आपले जावई बॅटरी धरतात आणि मोटारीसोबत आलेली पुस्तिका सत्यनारायणाच्या पोथीसारखी स्पष्टोच्चारपूर्वक वाचतात.

हाताच्या अंदाजाची मी अवहेलना करीत नाही. बसच्या चाकाखाली उकिडवे बसून, पान्याच्या दांड्यात पाईप अडकवून, नट शेवटचा ‘कर्र’ करीपर्यंत आपण देत असलेला तो हिसका मी लहानपणी डोळ्यांनी पाहिला आहे. आणि पनवेलला तर चाकाची विद्या परंपरेनेच लाभलेली. इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरात पनवेलचा मुख्य धंदा गाडीची चाके बनविणे हाच सांगितला असून देशावरून उतरलेला प्रत्येक गाडीवान चाकांची एक जोडी घेऊन परतत असे, अशी त्यात नोंद आहे. लोखंडी धाव लालबुंद तापवून लाकडी चाकावर चढवायची आणि पाणी ओतून ती अशी आवळून घ्यायची की आरे न् तुंबा एकजीव व्हावेत, हे काम त्या कारागिरांनी कोणत्या आकड्याच्या आधारे केले, असे आपण विचाराल. आकडा त्यांच्या हातात मुरलेला होता, एवढेच माझे उत्तर. आणि तो मुरण्यास हजारो चाके लागली. वर्षाकाठी दोनदा वीस नट आवळणाऱ्या माझ्या मनगटास ते ज्ञान कोणत्या जन्मी प्राप्त व्हावे?

आमच्या होंडाच्या पुस्तिकेत चाकाच्या नटासाठी 108 न्यूटन-मीटर असा आकडा आहे. म्हणजे अर्धा मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकास सुमारे 22 किलोचे ओझे टांगावे, इतका पीळ. कमी पडला तर नट वाटेत सैल होतो. अतोनात झाला तर स्टड ताणला जातो, आटे जातात. येथे आपल्या एका आवडत्या रिवाजास मला हरकत घ्यावी लागते. आवळण्यापूर्वी आटे तेलाने माखणे कोकणच्या खाऱ्या हवेत स्वाभाविक असेल. परंतु आपण लावलेल्या पिळापैकी ढोबळ मानाने नऊ दशांश घर्षणातच खर्ची पडतो आणि उरलेला एक दशांश काय तो नटाची पकड निर्माण करतो. तेलाने घर्षण घटले की तोच आकडा लावूनही स्टडवर भलताच ताण येतो. म्हणून आटे आम्ही तारेच्या ब्रशाने घासून कोरडेच ठेवतो.

आता हा पीळ मोजणाऱ्या टॉर्क पान्यांतील निवडीविषयी. काट्याचा पाना स्वस्त आणि दणकट. एकूणच टॉर्क पान्याच्या जनकत्वाचा मान न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातील कॉनराड बार यांना देण्याचा प्रघात आहे. सरकारी नोकराच्या हातून इतकी उपयुक्त गोष्ट घडली याचा आपणांस विशेष संतोष वाटावा. परंतु काटा नेमका वरून, डोळा सरळ रोखून वाचावा लागतो, आणि बॅटरी धरणारा इसम पोथीत रमलेला असता ते साधत नाही. अंकीय पाना फार दिमाखदार, पण कडाक्याच्या थंडीत त्याची बॅटरी ऐन वेळी मान टाकील, अशी धास्ती. राहिला ‘टक्’ असा आवाज देणारा स्प्रिंगचा पाना, आणि तोच मी मुक्रर केला: अर्धा इंच चौकोनाचा, 40 ते 200 न्यूटन-मीटरचा, जेणेकरून आमचा आकडा पट्टीच्या मध्यावर पडावा. इंजिन-तेलाच्या बुचास मात्र सुमारे 40 लागतात, म्हणजे ते पट्टीच्या अगदी तळाशी येते, आणि तेथे असले हत्यार फारसे भरवशाचे नसते. त्यासाठी तीन अष्टमांश इंचाचा धाकटा पाना वेगळा घ्यावा, अशी पुरवणी मागणी जावईबापूंनी तत्परतेने सादर केली आहे. ती तूर्त तहकूब.

दुकानात एक सापळा आढळला. हा देश मेट्रिक म्हणवितो, तरी पान्यांवर फूट-पौंडाचा अंमल अद्यापि चालू आहे. फूट-पौंडाच्या पट्टीवर 108 लावले तर नटावर 146 न्यूटन-मीटर बसतात. म्हणून दोन्ही पट्ट्या ठसठशीत कोरलेला पानाच मी निवडून ठेवला आहे.

पाच हजार वेळा आवळल्यावर किंवा बारा महिने लोटल्यावर, जे आधी घडेल तेव्हा, त्याची तपासणी करावी असा दंडक आहे. आमच्या चाळीस नटांच्या वार्षिक हिशेबाने पहिल्या अटीस सव्वाशे वर्षे लागतील. काम संपताच स्प्रिंग सर्वांत खालच्या अंकावर आणून ठेवावी आणि या पान्याने नट कधीही सोडवू नये, ही दोन कलमे मी गॅरेजच्या भिंतीवर मराठीत लावणार आहे. एकदा ‘टक्’ झाल्यावर खात्रीसाठी पुन्हा आवळू नये, हे तिसरे कलम जावईबापूंना उद्देशून आहे. दुकानात नमुन्याचा पाना हाती येताच तो मधुर ध्वनी पुनःपुन्हा ऐकण्याचा त्यांस मोह झाला होता.

ती. सौ. आईस नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली आज्ञाधारक कन्या,
बेबी

ता. क. : पुढील महिन्यात येणाऱ्या मामेभावाबरोबर आपला आगारातला पाना पाठविण्याचा जो विचार आपण कळविला आहे, तो कृपा करून रद्द करावा. विमानात बॅगेस 23 किलोंचीच परवानगी असते. त्या वजनात कोकमाच्या आगळाच्या बाटल्या बसतात. गेल्या खेपेस दुकानदाराने बंद केलेली एक बाटली वाटेत सुटून माझी नारायणपेठ रंगली. तेव्हा यंदा झाकणे आपण स्वतः आवळावीत, आणि हवा तर पाईप लावावा.