बाजारात तुरी

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण ज्यानं कुणी केली त्यानं ग्वाल्हेरचा दाल बाजार पाहिलेला असणार, अशी आमची आता खात्री पटली आहे. तुरी तिकडे पोत्यांत निवांत पडल्यात, आणि इकडे लष्कर भागातल्या मराठी घरांत जुंपली आहे ती त्यांना इंग्रजीत म्हणायचं काय यावरून! लेक ह्यूस्टनला असेल त्या घरात एक नाव, जावई लेस्टरला असेल त्या घरात दुसरं. व्हिडिओ कॉलवर नातवंडं आजीचं इंग्रजी दुरुस्त करतात आणि आजी ते दुसऱ्याच दिवशी भिशीत खपवते. शोभतं का हे?

बरं, त्या तुरीला नावं तरी किती असावीत! आपल्या सरकारी कागदांत ती रेड ग्रॅम. परदेशी पाकिटावर पिजन पी, म्हणजे चक्क कबुतराचा वाटाणा. जमैकात गेलात तर गुंगो पीज. आणि लेस्टरच्या दुकानात त्या 'रेड'च्या भरवशावर रेड लेंटिल्स उचलल्यात तर घरी मसूर येते. करा मग तिचं वरण. वास्तविक घरात तूर आणि दुकानात अरहर हे दोन संसार ग्वाल्हेरकरांनी पिढ्यानपिढ्या बिनबोभाट सांभाळले. पण आता तिसरी सवत आली आहे, आणि ती इंग्रजी बोलते! हरभऱ्याचं तर विचारूच नका. इथे बंगाल ग्रॅम, लंडनात चिकपी, अमेरिकेत चिकपीही आणि वर गार्बान्झोही. एका काकूंनी म्हणे दाल बाजारात ठोक दुकानाच्या पायरीवर उभं राहून गार्बान्झोचा भाव विचारला. शेठजींनी डोळ्याची पापणी न लववता सांगितलं, "बहनजी, इस हफ्ते माल नहीं आया." धंदा करावा तो असा.

खरा अन्याय झालाय तो बिचाऱ्या ब्रिंजलवर. शाळेत घोकलेला, पंचवीस पैशांच्या तक्त्यावर जांभळ्या चित्राखाली छापलेला हा शब्द आता चारचौघांत उच्चारायची चोरी झाली आहे. अमेरिकावाले म्हणतात एगप्लँट, इंग्लंडवाले म्हणतात ऑबर्जीन. आता गंमत ऐका. ऑबर्जीन आली फ्रेंचांकडून आणि ब्रिंजल पोर्तुगीजांकडून, पण दोघींचं माहेर एकच, अरबी-फारसीतलं बादिंजान. सख्ख्या बहिणी हो! पण एक पॅरिसमार्गे आली म्हणून तिला पाट, आणि दुसरी गोव्यात उतरली म्हणून तिला अडाणी म्हणायचं? आणि भेंडीला लेडीज फिंगर म्हणण्याची सवय घेऊन अमेरिकेत लेडीफिंगर मागणाऱ्यांच्या हाती स्पंजासारखी गोड बिस्किटं पडतात. त्यांना तिथे बिस्किटंही म्हणता येत नाही, कारण तिथलं बिस्किट म्हणजे मऊ पाव. घ्या!

स्पेलिंगची तऱ्हा तर घर फोडणारी. मुंजीच्या पत्रिकेत प्रोग्रॅमला शेपटी लावायची की नाही, यावर दोन व्याही अबोला धरून आहेत असं कळतं. या सगळ्याच्या मुळाशी आहेत अमेरिकी कोशकार नोआ वेब्स्टर. 1806 च्या कोशात त्यांनी 'कलर'मधल्या यूला नारळ दिला, 1828 च्या मोठ्या कोशात त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. त्यांना 'टंग' आणि 'विमेन'सुद्धा कानाला ऐकू येतात तसे लिहायचे होते. तिथे मात्र अमेरिकेनंही हात जोडले. पुढे 1906 मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला तीनशे शब्द सुटसुटीत छापायचा हुकूम काढला, उद्योगपती कार्नेगींनी त्या चळवळीला पैसा पुरवला, आणि संसदेनं असा काही गिल्ला केला की हुकूम परत घ्यावा लागला. रेल्वे आणि बँका यांच्या बड्या मालकांना अंगावर घेणारा गडी, पण स्पेलिंगपुढे हरला.

इंग्लंडच्या बाजूनंही फार सोवळं मिरवू नये. 'ऑर्गनाइज'मध्ये झेड दिसला की 'शी, अमेरिकन!' म्हणून नाक मुरडणाऱ्या काकांनी ऑक्सफर्डचा कोश उघडून पाहावा. तिथे झेडच बसला आहे. कॅनडा तर दोन्ही डगरींवर हात ठेवून उभा. तिथल्या टायर सेंटरच्या पाटीवर टायर अमेरिकन आणि सेंटर ब्रिटिश. ऑस्ट्रेलियात मजुराला यू आहे, मजूर पक्षाला 1912 पासून नाही.

पण आपण कुणाला हसतो? आपल्या गावात 'शिंदे की छावनी' आहे, आणि किल्ल्यावर 1897 पासूनची सिंदिया स्कूल आहे. आडनाव एकच, पण इंग्रजीत लिहिताना त्यात एक सी घुसला आहे, जो बोलत नाही, हलत नाही, नुसता सरदारासारखा मान घेऊन बसतो. शिंद्यांच्याच माधवरावांचं इंग्रजी कागदावर 'माधो राव' झालं. इतकं पचवलेल्या गावानं प्रोग्रॅमच्या एका शेपटीवरून अबोला धरावा म्हणजे कमाल आहे. आणि आपला पंक्चरवाला 'स्टेपनी' म्हणतो, त्यावर नातवंडं हसतात. वेल्समधल्या लानेलीच्या स्टेपनी स्ट्रीटवरचं हे नाव. साहेब विसरला, आपण टिकवलं. हसायचं कुणी कुणाला?

असो. ताजी बातमी वेगळीच आहे. परवा एका घरी आरतीच्या वेळी मेलबर्नचे जावई दारात उभे राहून सगळ्यांच्या देखत खणखणीत आवाजात म्हणाले, "माझे थाँग्ज इथेच काढून ठेवू ना?" डॅलसच्या मेव्हणीनं निरांजनाचं तबक जेमतेम सावरलं. ऑस्ट्रेलियात थाँग्ज म्हणजे पायातल्या रबरी स्लिपरा. अमेरिकेत मात्र ती पायातली वस्तू नव्हे. अंगावरची, त्यातही अगदी आतली, आणि तीही जेमतेम दोरीएवढी. सासूबाईंना काहीच कळलं नाही. त्या कौतुकानं म्हणाल्या, "काढा की, सगळ्यांनी तिथेच काढलेत."