परवाना ‘करून देणाऱ्या’ भाऊंना खुले पत्र

भाऊ,

तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तुमचं टेबल आहे. ‘शस्त्र परवाना, सर्व कामे खात्रीशीर’ अशी पाटी त्या टेबलावर आहे. त्या पाटीच्या भरवशावर आमच्या वाडीतले तात्या तुमच्याकडे आले. येताना त्यांच्या पिशवीत सातबारा होता, काजूच्या बागेचे फोटो होते. जाताना तुम्ही त्यांच्या हातात एक खोटी गोष्ट ठेवलीत आणि तिचे पैसेही घेतलेत. पुढे काय झालं ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. उद्या तुमच्या टेबलासमोर येऊन बसणाऱ्या माणसाला मात्र ते ठाऊक नाही, म्हणून हे पत्र पाकिटात घालून पाठवत नाही.

तात्यांना बारा बोरची एकनळी हवी होती, तीही कशासाठी? फेब्रुवारी लागला की वांदरं उतरतात. कच्चं बोंडू तोडतात, एक चावा घेतात आणि टाकून देतात. नारळाचं तेच, पपईचं तेच. रात्री डुकरं येऊन सुरण आणि रताळी उकरून जातात. पत्र्याचे डबे वाजवून झाले, फटाके झाले, साड्यांचं कुंपण झालं. बंदुकीचा एक बार काढला की कळप दोन दिवस तरी डोंगर चढतो, हे तात्यांनी वडिलांच्या वेळेपासून पाहिलं आहे. या गरजेत लपवण्यासारखं काही नव्हतं.

तुम्ही ती ऐकलीत आणि म्हणालात, “एवढ्यावर होत नाही. जीवाला धोका दाखवावा लागेल.”

भाऊ, ‘खात्रीशीर’ काम करणाऱ्याला कायदा माहीत असायला हवा. शस्त्र अधिनियम 1959 चं तेरावं कलम वाचून बघा. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला, पोलिसांचा अहवाल बघून आणि अपात्र ठरवणारं काही नसेल तर, परवाना द्यावा, असं ते कलम सांगतं. ठासणीची पुरी पडणार नाही असं अधिकाऱ्याचं मत झालं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची सोयही तिथेच आहे. पीक संरक्षणाच्या अर्जात गाव, तालुका आणि लागवडीखालचं क्षेत्र लिहायचं असतं. तात्यांकडे या तिन्ही गोष्टी होत्या. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हे चौदावं कलम स्वच्छ सांगतं. तरी तुम्ही त्यांना मुंबईतल्या मुलाची खोलीसुद्धा अर्जात घालायला लावलीत.

आणि धोका दाखवायला माणूस हवा म्हणून त्यांच्या चुलतभावाचं नाव सुचवलंत. बांधावरून दोघांची जुनी कुरकुर आहे, ती कुठल्या भावकीत नसते? तुम्ही त्या कुरकुरीवरून ठाण्यात अदखलपात्र नोंद करून घेतलीत. रात्रीची वेळ, दोन अनोळखी इसम, तोंडाला रुमाल, मागे चुलतभावाचा हात. मग तुम्ही माझ्याकडे आलात. शेजारी म्हणून पोलीस माझाही जबाब घेणार, तेव्हा ‘आरडाओरडा ऐकला’ एवढंच सांगायचं, बाकी तुम्ही सांभाळणार होतात. मी नाही म्हटलं तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, “बाई, कागदावर कोण खरं बोलतं?” भाऊ, आमची वाडी बोलते. म्हणूनच पोलीस वाडीत येतात.

पोलीस घरी का येतात, हे तुम्हाला कधी कळलंच नाही. तुम्ही त्या भेटीला परीक्षा समजता आणि लोकांना उत्तरं पाठ करून देता. अर्जातला माणूस आणि घरातला माणूस एकच आहे का, हे पाहायला ठाण्याचा माणूस येतो. गुन्हा, खटला, जामीन असं काही नावावर आहे का, हे त्याला ठाण्याच्या नोंदवहीतही सापडतं. घरात दारू किती, राग किती, सासू-सुनांचं, बापलेकांचं कसं, पोरं किती वर्षांची, हे नोंदवहीत नसतं. त्यासाठी पोलीस पाटलाला विचारतात, शेजाऱ्याला विचारतात, घरच्या माणसांशी बोलतात. त्या चौकशीत अर्जदाराचा अपमान नाही. उद्या भरलेली बंदूक ज्या घरात राहणार आहे, त्या घरातल्या बायकापोरांची ती काळजी आहे.

तात्यांच्या घरी हवालदार आले त्या सकाळी तुम्ही पडवीत खुर्ची टाकून बसला होतात. आदल्या संध्याकाळी तुम्ही टेंपोतून लोखंडी कपाट आणलं होतंत, तपासणीपुरतं. ते माजघरात उभं केलं होतं. हवालदारांनी त्याला नुसता तळवा लावला, तर ते डुललं. भिंतीत बोल्ट नाही, जमिनीत नाही. आत दुकानातला पुठ्ठा तसाच. किल्ली कडीला सुतळीने बांधलेली. त्यांनी विचारलं, “किल्ली खंय ठेवतालात?” तात्या गप्प. त्यांचा नातू मात्र पुढे आला आणि कॅलेंडरशेजारचा खिळा दाखवून म्हणाला, “हयसर. सगळ्यो चावयो हयसरच असतत.”

नातू पहिलीत आहे, भाऊ. त्याने खरं सांगितलं. त्या घरात कुणाला किल्ली कुठे ठेवायची, हे तुम्ही सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं ते तोंडाला रुमाल बांधलेल्या दोन इसमांबद्दल.

मग हवालदारांनी वही उघडली आणि धमकीबद्दल विचारलं. तात्यांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही मान हलवलीत. तात्या थोडा वेळ खाली बघत राहिले आणि म्हणाले, “माका कोण कित्याक धमकी देतलो? वांदरांनी बाग खाल्ल्यानी, ताच सांगूक मी गेल्लंय.” तुम्ही फोन आल्याचं निमित्त करून उठलात. दुपारी तुमचा माणूस येऊन कपाटही घेऊन गेला.

अर्ज फेटाळला गेला. तो फेटाळणं बरोबरच होतं, त्याबद्दल माझी ठाण्याशी किंवा कचेरीशी काही तक्रार नाही. तक्रार तुमच्याशी आहे. नव्या अर्जात ‘पूर्वी परवान्यासाठी अर्ज केला होता का, त्याचा निकाल काय लागला’ हा रकाना असतो. तात्यांना तो आता प्रत्येक वेळी भरावा लागेल. ज्या माणसाने आयुष्यात कचेरीत चुकीची तारीखसुद्धा लिहिली नाही, त्याच्या नावापुढे खोटी माहिती दिल्याचा शेरा आहे. चुलतभाऊ गणपतीत आरतीला आला नाही. तुमच्या दरपत्रकात याचा दर काय आहे?

समजा, तुमची गोष्ट खपली असती, तरी काय झालं असतं? खोटी माहिती देऊन किंवा महत्त्वाची माहिती लपवून मिळवलेला परवाना सतराव्या कलमाखाली कधीही निलंबित होतो, रद्दही होतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला. त्या पाच वर्षांत चुलतभावाने एक अर्ज केला असता, तरी तात्या पुन्हा ठाण्याच्या पायरीवर. तेव्हा पडवीत तुमची खुर्ची नसती.

2016 च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला शस्त्र हाताळण्याचं आणि सुरक्षितपणे ठेवण्याचं प्रशिक्षण घ्यायला सांगितलं, शारीरिक आणि मानसिक तब्येतीचा वैद्यकीय दाखला आणायला सांगितलं. तुम्ही हे दोन्ही ‘कागद’ म्हणता आणि दोन्ही आणून देतो म्हणता. तात्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. त्यांना खऱ्या डॉक्टरसमोर बसवलं असतं तर आधी शस्त्रक्रिया करा, असं कुणीतरी त्यांना सांगितलं असतं. खऱ्या प्रशिक्षकासमोर उभं केलं असतं तर नळी मोडून काडतूस काढल्याशिवाय बंदूक कुणाच्या हातात द्यायची नाही, कुंपण ओलांडताना ती भरलेली ठेवायची नाही, पाचोळा हलला म्हणून घोडा दाबायचा नाही, हे त्यांच्या हाताला शिकवलं असतं. आमच्या भागात रात्री रानात डुक्कर समजून माणसावर बार गेल्याच्या बातम्या येतात, त्या तुम्हीही वाचता. त्या माणसांचीही घरं असतात.

आणखी एक गोष्ट तुम्ही तात्यांना सांगितलीत, ती सर्वांत वाईट: “एकदा बंदूक आली की डुक्कर मारा, कोण विचारतो?” विचारतात, भाऊ. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराबाबतही 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली वनविभागाची वेगळी परवानगी लागते, आणि गवा तर अनुसूची एकमध्ये आहे. तुमच्या एका वाक्यावर तात्या तुरुंगात गेले असते. नुकसानीचा पंचनामा करून वनविभागाकडून भरपाई मागता येते, हे मात्र तुम्ही सांगितलं नाहीत. त्यात तुमचं टेबल लागत नाही.

तुम्ही म्हणाल, सगळीकडे असंच चालतं. चालतं, आणि त्याची किंमत आम्ही भरतो. 2024 च्या डिसेंबरात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची झाडाझडती झाली आणि शेकड्याने परवाने रद्द करावे लागले. ते परवाने कुणाच्या तरी टेबलावरून, कुणाच्या तरी ‘जीवाला धोका’ या शब्दांवरूनच गेले असतील ना? लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी 2019 मध्ये वेगळी शिक्षा घालावी लागली, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कंबरेला लावून फोटो काढायला ज्यांना हत्यार हवं असतं, त्यांना ते तुमच्यासारखेच मिळवून देतात. मग सरकारचा प्रत्येक परवानाधारकावरचा विश्वास उडतो, आणि त्याचा फटका काजूवाल्याला बसतो.

निवडणुकीचं बघा. आचारसंहिता लागली की गावोगाव बंदुका जमा करण्याचे निरोप येतात. कुणाची जमा करायची आणि कुणाची नाही हे छाननी समितीने एकेका परवान्याचा विचार करून ठरवायचं असतं, पण हजारो परवान्यांत खरा कुठला आणि बनावट कारणाचा कुठला, हे समितीने ओळखायचं कसं? 2024 च्या लोकसभेला आचारसंहिता 16 मार्चला लागली, आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात मतदान 7 मेला झालं आणि निकाल 4 जूनला. भर हंगाम. आंबा आणि काजू दोन्ही झाडावर. बंदूक ठाण्यात आणि वांदरं बागेत, अशी ही तारखांची गाठ आहे. शेतकरी संघटना दर निवडणुकीला निवेदनं देतात, कारण पीक संरक्षणाची बंदूक ही गुंडाची बंदूक नाही हे त्यांना पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागतं. तुमचा प्रत्येक ‘खात्रीशीर’ अर्ज त्यांच्या निवेदनातलं एकेक वाक्य खोटं पाडतो.

तात्या पुन्हा अर्ज करणार आहेत. या वेळी तो आम्ही त्यांच्यासोबत बसून लिहिला आहे. कारणाच्या रकान्यात पीक संरक्षण, बाकी काही नाही. जुना अर्ज फेटाळला गेल्याचं लिहिलं आहे आणि का फेटाळला तेही. मोतीबिंदूची तारीख घेतली आहे; वैद्यकीय दाखला त्यानंतर. सुताराच्या मुलाने जुनं लोखंडी कपाट मागच्या खोलीत भिंतीला आणि जमिनीला बोल्टने पक्कं केलं आहे, त्यात वेगळ्या कुलपाचा कप्पा काडतुसांसाठी ठेवला आहे. किल्ली तात्यांच्या करगोट्याला राहील. ती खिळ्यावर येणार नाही, हे नातवालाही सांगून ठेवलं आहे. तात्या आणि चुलतभाऊ दोघे मिळून ठाण्यात गेले, आणि ती नोंद कशी झाली हे तात्यांनी स्वतः लेखी दिलं. त्यात तुमचं नाव आहे. पोलिसांनी अहवाल पाठवायला नियमात 30 दिवस दिले आहेत; ते कधीही आले तरी आम्हाला काही पाठ करायचं नाही. माझ्याकडे आले तर मी सांगेन, की तात्या दारू पीत नाहीत, तापट आहेत पण हात उगारत नाहीत, आणि बाग खरोखर खाल्ली जाते. परवाना मिळेल की नाही, ते जिल्हाधिकारी ठरवतील. नाही मिळाला तर लेखी कारण मागू आणि अपील करू.

तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्या आहेत. चुलतभावावरचा मजकूर तुम्ही रचलात, हे ठाण्यात जाऊन स्वतःच्या सहीने लिहून द्या. आणि तात्यांकडून घेतलेले पैसे परत करा. त्याची पावती आम्ही देऊ. घेताना तुम्ही दिली नव्हती.

तात्यांची शेजारीण