निबंधकाका

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर मिठाई, सोनं आणि सल्ला तिन्ही मुबलक. पैकी सल्ला फुकट, आणि त्यातला सर्वात भरघोस निबंधकाकांचा. दिवाळी आटोपली की मराठी घरांतून अकरावीतल्या मुलांचे समर इंटर्नशिपचे अर्ज सुरू होतात. मग एखाद्या पॉटलकला कुणाची तरी आई हळूच म्हणते, "काका, हिचा एसे जरा नजरेखालून घालाल का?" काका चष्मा पुसायला घेतात. म्हणजे होकार.

काका वाय-टू-केच्या लाटेत कोबोलच्या जोरावर अमेरिकेत आले. त्याआधी सांगलीत शाळेत असताना 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' लिहून त्यांनी ढाल पटकावली होती. सुरुवातीला सुभाषित, शेवटी देशसेवा, हा साचा तेव्हापासून कायम. देश तेवढा बदलला.

माहिती मात्र पक्की. एमआयटीत भरणारी रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट १९८४ पासूनची, जगभरातून शंभरेक मुलं घेते, शिकवण्याचे पैसे नाहीत, राहण्या-जेवणाचेही नाहीत, हे ते रेल्वेच्या वेळापत्रकासारखं घडाघडा म्हणतात. बँक ऑफ अमेरिकाच्या स्टुडंट लीडर्समध्ये आठ आठवडे गावातल्याच सेवाभावी संस्थेत पगारी काम मिळतं, हेही. "जिथे फी नाही तिथे शिरकाव कठीण, आणि जिथे फी हजारांत तिथून माहितीपत्रकं घरबसल्या येतात," हा त्यांचा सिद्धांत. तो बराचसा खरा आहे.

घोळ होतो तो लेखणी हातात आल्यावर. एका मुलाच्या नासाच्या अर्जासाठी काकांनी रात्र जागवून अख्खी आकाशगंगा उभी केली. सकाळी त्याची आई म्हणाली, "पण काका, नासाला सिटिझनशिप लागते ना? आमचा अजून एच-फोर व्हिसाच आहे." काका डगमगले नाहीत. आकाशगंगेच्या जागी 'पेशी' घातली आणि निबंध जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे रवाना केला.

यंदा गाठ पडली ती एका गप्पी माशांवाल्या मुलीशी. लाँग आयलंडवरच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात सायमन्स प्रोग्रॅम असतो. शाळकरी मुलं उन्हाळाभर तिथल्या संशोधकांच्या हाताखाली काम करतात. तिने लिहिलं होतं ते एवढंच: टाकीतले मासे एकेक करून मेले. तिने अमोनिया तपासायचं किट आणलं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, दोन्ही बाटल्यांतले आठ-आठ थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं. पिवळा राहायला हवा तो रंग रोज थोडा जास्त हिरवा. वहीत तारीखवार नोंद.

"मेलेले मासे नकोत गं बाळा, बरं दिसत नाही," काका म्हणाले. "'वॉटर इज लाइफ'ने सुरू कर. मग गंगा. मग गांधीजी."

"काका, पण मासे माझ्यामुळेच मेले. तेच तर लिहायचंय."

"तुझ्यामुळे? ते कसं काय?"

इथे काका निबंध विसरले, कारण त्यांच्याही दिवाणखान्यात एक टाकी आहे आणि तिच्यातही मृत्यू चालू होते. मुलीने सांगितलं की फिल्टर तिने नळाखाली खसाखसा धुतला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने अमोनिया पचवणारे जिवाणूच गेले. काकांनी उलटतपासणी घेतली. क्लोरीनच कशावरून? पाणी बदलून पाहिलंस? जुन्या टाकीतलाच स्पंज वापरला तर? ती उत्तरं देत गेली, एका उत्तरापाशी अडली आणि "हे अजून करून पाहायचंय," म्हणाली. घरी जाऊन तिने हाच सगळा संवाद, अडलेल्या उत्तरासकट, अर्जात उतरवला. निवड करणाऱ्या संशोधकाला चुकीमागचं कारण शोधणारं पोर हवं असतं. गांधीजी त्याला दर तिसऱ्या अर्जात भेटतात.

गंगा वगळली गेली याचा काकांना पत्ता नाही. "थीम माझी," असं ते मंडळाच्या हळदीकुंकवाला सांगत होते. सध्या ते फिल्टर टाकीच्याच पाण्यात बुचकळून काढतात आणि शिफारसपत्रांकडे वळले आहेत. शाळेतल्या शिक्षिकेने काय लिहावं, याचा कच्चा खर्डा त्यांच्याकडे तयार आहे.