आयतवार

मी आमच्या कंपनीचा या वर्षीचा 'आरोग्य-विजेता' आहे. सलग तीस दिवस, रोज दहा हजार पावलं. प्रमाणपत्र आलं त्याच संध्याकाळी गल्लीतल्या डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला आणि "दीडशेवर शंभर" असं म्हणत गोळीचं नाव लिहायला घेतलं. मी फोनमधलं प्रमाणपत्र त्यांच्यापुढे धरलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते नीट वाचलं. म्हणाले, "छान आहे. गोळी सकाळी, नाश्त्यानंतर."

ती पावलं कशी पडली हे डॉक्टरांना सांगायचा धीर झाला नाही. निम्मी पडली ऑफिसच्या पॅसेजमध्ये, फोनवर गिऱ्हाइकाच्या शिव्या खात. उरलेली रात्री साडेअकरानंतर, जेवणाच्या टेबलाभोवती. एक फेरी म्हणजे बावीस पावलं. बाराच्या ठोक्याला घड्याळ शून्यावर जातं, म्हणून शेवटच्या फेऱ्या मी जवळजवळ धावत घालायचो. बायको एकदा पाणी प्यायला उठली, क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, "अरे, वटपौर्णिमा आमची असते."

तिला कसं सांगू? बावन्नाव्या वर्षी उपाध्यक्षपद समोर दिसत होतं आणि आमच्याकडे हल्ली 'स्वतःची काळजी' हाही मूल्यमापनाच्या तक्त्यातला एक रकाना आहे. त्याला वेटेज पाच टक्के. माझं वेटेज एक्क्याऐंशी किलो. दोन्हींचा मेळ घालायचा तर चालणं आलं. हे दहा हजार काही कुण्या ऋषीनं सांगितलेले नाहीत, हे मला ठाऊक होतं. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं आणि त्याचं नावच मुळी 'दहा हजार पावलांचं मीटर' होतं. नावाचा आकडा पुढे जगाचा नियम झाला. पण आकडा दिला की तो पुरा करायचा, हा माझा स्वभाव. दहावीपासूनचा. स्पर्धेत दुसरा आला तो हिशेब खात्यातला एक गृहस्थ. स्पर्धा आहे हेच त्याला माहीत नव्हतं. त्याला म्हणे स्टेशनपर्यंत चालायला आवडतं.

विजेता झाल्याच्या आनंदात असतानाच मेल आली. 'काम आणि आयुष्य यांचा समतोल' या विषयावर ऑनलाइन व्याख्यान. रविवार, सकाळी नऊ. उपस्थिती अनिवार्य. कॅमेरा सुरू ठेवावा.

सगळ्यात आधी 'येतो' असं मीच कळवलं. अंगठ्याच्या चित्रासकट.

आता रविवारचा विषय निघालाच आहे, तर थोडं विषयांतर. रविवारची सुट्टी ही सूर्य-चंद्रासारखी आपोआप उगवते, अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती. गिरणी कामगारांसाठी ती आणली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. गिरणीत स्टोअरकीपरचं काम केलेला माणूस. त्यामुळे कामगार किती वाजता आत जातो आणि कसा बाहेर पडतो, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. १८८४ साली त्यांनी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' काढली. त्यांच्या मागण्या वाचल्या तर आज हसू येईल, इतक्या साध्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास जेवायला सोडा. पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत करा.  त्यातली पहिली पुरी व्हायला सहा वर्षं गेली. १८९०च्या एप्रिलमध्ये मुंबईत कामगारांची सभा भरली, तीत दोन बायकांनीही भाषणं केली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार सोडला. सभेला माणसं किती होती? दहा हजार. म्हणजे वीस हजार पावलं झाली, आणि ती कुणीही घड्याळात मोजली नाहीत. शिवाय रविवार हा खंडोबाचा वार. देवाचं दर्शनही झालं, कपडेही धुऊन झाले. असा सोयीचा वार माझ्यासारख्याने व्याख्यानाला देऊन टाकावा, तोही अंगठा दाखवून!

विषयांतर इथे संपायला हवं, पण माझं ऑफिस लोअर परळला आहे. एका गिरणीच्या जागेवर. काचेच्या इमारतींमध्ये एक जुनी चिमणी शोभेला ठेवली आहे. तिच्याभोवतीही मी पावलं घातली आहेत.

आजोबा याच भागातल्या एका गिरणीत साचेखात्यात होते. सावंतवाडीकडचे, लालबागच्या चाळीत राहिलेले. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर. माझ्या फोनला सुरू होण्याचा भोंगा आहे, सुटण्याचा नाही. शनिवारी रात्रीच ते बजावायचे, "आयतवारी माका कोण उठवू नकात." रविवारी तेल चोळून आंघोळ, मटण, आणि मग गॅलरीत तोंडावर पंचा टाकून झोप. ते उठेपर्यंत आम्ही पोरं क्रिकेट खेळताना 'आउट'सुद्धा कुजबुजत म्हणायचो. मला वाटायचं, आयतवार म्हणजे आयता मिळालेला वार. तो आयता नव्हता, हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. मग आजोबांचे सातही वार आयतवार झाले. पंचा खुंटीवरच असायचा. आजी सांगायची की त्या वर्षी ते दुपारचे एकदाही झोपले नाहीत.

हा माणूस महत्त्वाकांक्षी नव्हता, असं मी इतकी वर्षं समजत आलो. त्यांच्यापेक्षा आपण किती पुढे आलो, याचा हिशेबही मनात मांडायचो. अंतर फार नाही. चालत गेलं तर तीन-चार हजार पावलं.

तर तो रविवार. वर इस्त्रीचा शर्ट, खाली हाफ पँट, असा मी नऊला हजर. निवेदिकेने मधाळ आवाजात सांगितलं, "डोळे मिटा. दीर्घ श्वास घ्या. शरीर काय सांगतंय ते ऐका." मी ऐकलं. शरीर काय म्हणालं ते आठवत नाही, कारण डोळे उघडले तेव्हा दहा वाजले होते. सभा संपली होती. अध्यक्षांसह शहाऐंशी जणांनी मला आ वासून घोरताना पाहिलं होतं. माइकही सुरू होता.

आई शेजारीच लसूण सोलत बसली होती. मी ओरडलो, "अगं, उठवायचं नाही का?"

तिने मान वर केली नाही. "आयतवार होतो, म्हणान उठवलंय नाय."

उपाध्यक्षपद अजून रिकामं आहे. माझं रक्तदाब-पुस्तक मात्र भरत चाललंय. आकडे हळूहळू उतरताहेत, श्रेय गोळीचं. घड्याळ मी मुलाला दिलं, टेबलाभोवती आता आम्ही जेवतो. तुम्हाला माझ्याकडे काही काम असेल तर कृपया रविवारी फोन करू नका. सोमवारी करा. हा लेखसुद्धा मी सोमवारीच लिहिला आहे. ऑफिसच्या वेळेत.